बाबांची फेरपालट

“आपल्या हातानं लावायचं आणि आपल्याच डोळ्यांनी मरताना बघायचं. रोपं कुठून आली ते मात्र विचारायचं नाही. विचारलं की लगेच तोंडं फुगतात.”

हे बोलणं चाललं होतं हिरव्या जाळीच्या पलीकडे. अलीकडे, हातभर अंतरावर, थोरली उकिडवी बसून ट्रेमध्ये मिरचीचं बी टाकत होती. जाळीतून ऊन निम्मं येतं, वारा त्याहून कमी येतो, बोलणं मात्र सगळंच्या सगळं येतं. ही गोष्ट तिच्या धाकट्या जावेच्या कधी लक्षात आली नसावी. किंवा आली असावी, आणि म्हणूनच ती नेमकी इथं उभी राहून बोलत असावी.

“हळू गं,” मधली जाऊ म्हणाली. “आत असतील त्या.”

“असू देत. मी काय खोटं बोलतेय?”

थोरलीनं बोटाला चिकटलेलं बी शेवटच्या खळग्यात टाकलं, वरून चिमूटभर भुसा पसरला आणि ती सरळ उभी राहिली. जाळीमागून एकदम डोकं वर आलेलं बघून मधली दचकून मागे सरली.

“विचार की,” थोरली म्हणाली. “रोपं कुठून आली ते. मी इथंच आहे.”

“मी आपलं सहज बोलत होते, ताई.”

“सहज बोललीस, सहज ऐकलं. आता सहज विचार.”

धाकटीनं टोपली कमरेवर घेतली आणि निघून गेली. मधली दोन पावलं तिच्यामागे गेली, मग वळून थोरलीकडे बघून कसनुसं हसली. मधलीचं आयुष्य असं दोन्हीकडे बघून हसण्यातच चाललं होतं. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण समोर आता फक्त जाळी होती, आणि जाळीवर ओरडून काय होणार?

घर एक, अंगण एक, स्वयंपाकघरं तीन. सासूसासऱ्यांची खोली अंगणाच्या टोकाला. मागे भाजीपाल्याची जमीन, तिचे तीन तुकडे: विहिरीकडचा, शेडकडचा आणि रस्त्याकडचा. तीन भाऊ, तीन पिकं. थोरला टोमॅटो लावायचा, मधला वांगी, धाकटा मिरची. भाजीबाजारात त्यांना नावानं कुणी ओळखतच नसे. ‘टोमॅटो आले का?’ ‘वांग्याला सांगा गाडी मागे घ्यायला.’ धाकट्याला ‘मिरची’ म्हणून हाक मारली की त्याला खरोखरच झोंबायची, म्हणून सगळे त्याला आवर्जून तीच हाक मारायचे.

आणि या सगळ्यावर बाबांची फेरपालट. दर वर्षी लागवडीआधी बाबा सगळ्यांना आपल्या खोलीत बोलवायचे आणि तुकडे बदलून द्यायचे. गेल्या वर्षी विहिरीकडचा ज्याच्याकडे होता त्याला यंदा शेडकडचा, शेडकडच्याला रस्त्याकडचा, आणि रस्त्याकडच्याला विहिरीकडचा. कुणाला चांगला तुकडा कायमचा नाही, कुणाला वाईट कायमचा नाही. पीक ज्याचं त्याचं. भाऊ हलले की त्यांच्यामागून त्यांचं पीक हलायचं. “मातीला बदल हवा असतो,” बाबा म्हणायचे. बियाण्याच्या दुकानातल्या बाकावर बसून ते हेच इतरांनाही ऐकवायचे. लोक माना डोलवायचे. लांबलांबचे शेतकरी त्यांना फेरपालटीबद्दल विचारायला येत, आणि बाबा काठीनं जमिनीवर तीन चौकोन काढून दाखवत.

तिन्ही तुकड्यांची रोपं थोरलीच्या जाळीत तयार व्हायची. लग्न होऊन आली तेव्हा तिथं मोडक्या वस्तूंचा ढीग होता. तिनं एकेक करत तो उपसला. बांबू पुरले, जाळी ताणली, बियाणं कसं रुजवायचं ते करून, फसून, परत करून शिकली. या घरात ‘माझं’ म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच होतं. स्वयंपाकघरात कुणीही येऊन डबे उघडायचं, पण जाळीत शिरताना सासूसुद्धा आधी विचारायची, “येऊ का गं?”

यंदा तिन्ही तुकड्यांत मर लागली होती. सकाळी झाड टवटवीत, दुपारी मान टाकलेलं. संध्याकाळी जरा सावरायचं, आपल्याला वाटायचं सुटलं बापडं. दोन-तीन दिवसांत हिरवंच्या हिरवं वाळून जायचं. पानांवर ठिपका नाही, अळी नाही, पिवळेपणा नाही. धडधाकट माणूस चालता चालता कोसळावा तसं. आधी टोमॅटो गेले, मागोमाग वांगी, आणि मिरचीही जायला लागली तेव्हा धाकट्यानं भर अंगणात सगळ्यांसमोर हिशेब मांडला.

“तीन तुकडे वेगळे, तीन पिकं वेगळी, खतं ज्याची त्याची. तिन्हीकडे सारखं काय आहे? रोपं. वहिनींची रोपं.”

थोरलीला राग आला तो याचाच. मूर्खासारखं बोलला असता तर हसून सोडून दिलं असतं. पण बोलण्यात खोट कुठं काढावी तेच तिला कळेना.

“रोपं बाहेरून आणू,” तो पुढे म्हणाला. “आणि ती जाळी काढून टाकू. पिकअप उन्हातान्हात उभी असते, तिला तिथं छप्पर करू. तुकड्यांच्या दिवशी बाबांसमोरच ठरवू.”

थोरलीनं नवऱ्याकडे बघितलं. थोरला नळाखाली पाय धूत होता. आधीच स्वच्छ झालेला पाय तो घासत राहिला.

आत आल्यावर ती म्हणाली, “अहो, तुम्ही काही बोलणार होतात का, की पाय झिजवूनच गप्प बसणार होतात?”

“जाऊ दे ना. बोलू दे त्याला.”

“त्याला बोलू देतच आलो आपण. माझ्या जाळीत त्याची गाडी उभी राहणार आहे, कळतंय का?”

“बघू. तो दिवस येऊ तर दे.”

थोरला आधी असा नव्हता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. बाबांच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एक खोल खाच होती. त्यावर कितीदा रंग दिला तरी ती दिसायची, म्हणून बाबांनी तिथंच एक खुंटी ठोकली होती आणि तिच्यावर कायम टॉवेल असायचा. विहिरीकडचा तुकडा कुणाचा, यावरून एका दुपारी भांडण झालं होतं. धाकटा आईबद्दल काहीतरी बोलला, आणि थोरल्यानं हातातलं फावडं फेकलं नाही, चांगलं दोन्ही हातांनी फिरवलं. धाकट्यानं डोकं मागे घेतलं म्हणून ते चौकटीत घुसलं. थोरलीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. फावडं चौकटीतून ओढून काढायला नवऱ्याला तीनदा जोर लावावा लागला, तेही पाहिलं होतं. तेव्हापासून थोरल्याचं सगळं बोलणं ‘जाऊ दे’पाशी येऊन संपायचं. बिचारा, असं तिला आधी वाटायचं. आता वाटायचं, फटका यानं मारायचा, लाज याला वाटायची, आणि बोलणी मात्र मी खायची!

दुसऱ्या दिवशी तिनं मान टाकलेलं एक वांग्याचं झाड मुळासकट उपटलं, ओल्या कागदात गुंडाळलं आणि बियाणेवाल्याच्या दुकानात नेऊन काउंटरवर आपटलं.

“माझ्या रोपात दोष आहे का, एवढं सांगा.”

बियाणेवाल्यानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. खोड मुळालगत तिरकं कापलं. आत तपकिरी झालं होतं. मग काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक त्यात बुडवून धरलं. “हलवू नका,” म्हणाला. दोघंही बघत राहिले. थोड्या वेळानं खोडातून दुधासारखी पांढरी बारीक तार खाली सुटायला लागली, संथपणे, धागा उसवावा तशी.

“जिवाणूची मर,” तो म्हणाला. “खोडात पाणी चढायच्या नळ्याच चोंदतात. औषध नाही याला.”

“आली कुठून?”

“रोपातून येऊ शकते, मातीतूनही येऊ शकते. ग्लास ते सांगत नाही.” तो झाड उलटसुलट करत होता. “हे कुठल्या तुकड्यातलं?”

“रस्त्याकडचं.”

“गेल्या वर्षी तिथं काय होतं?”

“मिरची.”

“त्याच्या आधी?”

“आमचे टोमॅटो.”

“आणि त्याच्या आधी परत वांगी.” तो हसला. मग तिचा चेहरा बघून त्यानं हसू गिळलं. “ताई, टोमॅटो, वांगी, मिरची ही सख्खी भावंडं आहेत. बटाटाही त्यांच्यातलाच. ही मर या सगळ्यांना लागते आणि मातीत वर्षानुवर्षं टिकून राहते. तुम्ही पिकं फिरवलीत खरी, पण तिच्या ताटात दर वर्षी तिच्याच आवडीचं वाढलंत. जेवणारी तीच, पदार्थ तेवढा बदलला. मका लावा, कांदा लावा, कोबी, घेवडा. तीन-चार वर्षं तिला खायला काही देऊ नका, म्हणजे उपासमारीनं कमी होईल.”

थोरली त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

“तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?”

“काय?”

“सख्खी भावंडं वगैरे.”

“आता हे तर… पहिल्यापासून.”

“आणि आमचे बाबा त्या बाकावर बसून फेरपालट शिकवत होते तेव्हा?”

बियाणेवाला बाकाकडे बघून ओशाळला. “मोठी माणसं आहेत. चार लोकांत त्यांना कसं सांगणार? घरात कुणाला तरी ठाऊक असेलच, असं वाटलं.”

“म्हणजे त्यांचा मान राहावा म्हणून तुम्ही गप्प बसलात, आणि आम्हाला टोमॅटो-वांगी-मिरचीचं बी विकत राहिलात. फार भलेपणा केलात.” तिनं ग्लासातलं झाड उचललं. पाणी काउंटरभर ठिबकलं, तिनं पुसलं नाही. “आता निदान एवढं सांगा, दोष रोपाचा की मातीचा हे कळायचं कसं?”

ते त्यानं सांगितलं. न विचारता आणखीही दोन गोष्टी सांगितल्या: अवजारं एका तुकड्यातून दुसऱ्यात नेताना धुवा, आणि रोगट झाडं बांधावर टाकू नका. थोरलीच्या डोळ्यांसमोर घरातला माती भुसभुशीत करायचा एकुलता एक टिलर आला. सकाळी एकाच्या तुकड्यात, दुपारी दुसऱ्याच्या, चिखल लागलेला तसाच. तीन घरांना तीन मीठदाण्या लागत होत्या, पण टिलर एकच होता. भाऊ एकमेकांच्या उंबऱ्यात पाऊल टाकत नसत, माती मात्र घरोघर हिंडत होती.

घरी येऊन तिनं चार बादल्या घासल्या, उकळत्या पाण्यानं खळबळल्या. तीन बादल्यांत तीन तुकड्यांची माती भरली. चौथीत घरामागच्या भिंतीलगतची, जिथं गवताशिवाय कधी काही उगवलं नव्हतं. एकाच ट्रेमधली टोमॅटोची रोपं चारही बादल्यांत लावली आणि बादल्या अंगणाच्या मधोमध ठेवल्या, येताजाता सगळ्यांच्या पायात येतील अशा.

“हे काय?” धाकटीनं विचारलं.

“तुमचा खटला. आणि पाणी तू घालायचंस.”

“मी का?”

“मी घातलं तर म्हणशील, ताईंनी काहीतरी केलं. तू घाल. चारींना सारखं. तांब्या तुझा, हात तुझा.”

मधला भाऊ बादल्यांना वळसा घालून जाताना म्हणाला, “परीक्षा चाललीय वाटतं. कॉपी करू देऊ नका एकमेकांची.” तो हसला आणि बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा पुढं गेला. धाकट्यानं पिकअप काढताना एका बादलीला मुद्दाम नसेल, पण धक्का दिला. थोरली दारातून ओरडली, “भाऊजी, साक्षीदाराला उडवू नका!”

धाकटी पाणी घालू लागली. पहिल्यांदा नाक वर करून, तांब्या लांबून ओतून. मग जरा वाकून. मग एका दुपारी थोरलीनं खिडकीतून पाहिलं, धाकटी एका बादलीपाशी बसली होती. रस्त्याकडच्या मातीतल्या रोपानं मान टाकली होती. धाकटी त्याचा शेंडा बोटानं उचलून धरत होती, सोडला की तो परत पडत होता. मग तिनं ती बादली ओढत ओढत भिंतीच्या सावलीत नेली.

“जागा बदलायची नाही!” थोरली बाहेर येऊन म्हणाली.

“ऊन लागतंय हो त्याला. बघवत नाही.”

थोरलीच्या जिभेवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. ते तिनं तसंच मागे ढकललं. तिलाही पहिल्या वर्षी असंच व्हायचं. उठून उठून जाळीत जायची, मरत्या रोपाला हात लावून बघायची.

“चारही ने मग सावलीत,” ती म्हणाली. “एकाला नेलंस तर खटला फसतो.”

दोघींनी मिळून चारही बादल्या नेल्या. कडी धरताना दोघींची बोटं एकमेकींत अडकली.

विहिरीकडचं रोप गेलं, मग शेडकडचं. भिंतीलगतच्या मातीतलं मात्र वाढत होतं. त्याला काठी बांधावी लागेल, असं धाकटीच एकदा स्वतःशी पुटपुटली.

तुकड्यांच्या दिवशी बाबांच्या खोलीत नेहमीसारखे सगळे जमले. बाबा पलंगावर, काठी मांडीवर आडवी. सासू खिडकीशी घेवडा सोलत बसलेली. थोरला दारापाशी उभा. पाठ चौकटीला, टॉवेलाच्या बाजूला खेटून. त्या दिवसापासून या खोलीत तो नेहमी तिथंच उभा राहायचा, जणू कुणी टॉवेल ओढेल म्हणून राखण करतोय. धाकटा त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर. मधला आणि मधली दोघांच्या मधोमध, अर्थातच.

“यंदा विहिरीकडचा,” बाबांनी सुरुवात केली.

“थांबा बाबा,” थोरली म्हणाली. ती दोन बादल्या घेऊन आत आली होती. एक जिवंत, एक मेलेली. दोन्ही तिनं पलंगासमोर ठेवल्या.

“वहिनी, हे काय नाटक?” धाकटा म्हणाला.

“नाटक तुम्ही सुरू केलंत, शेवटचा अंक माझा. रोप एकाच ट्रेमधलं. पाणी तुमच्या बायकोनं घातलंय. विचारा तिला.”

सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं. थोरलीला वाटलं, आता ही म्हणणार, मला काही माहीत नाही. या घराची तीच रीत होती.

“रोपात दोष नाही,” धाकटी म्हणाली. आवाज बारीक, पण अडखळली नाही. “आपल्या तिन्ही तुकड्यांची माती घेतली होती. तिन्ही मेली. बाहेरच्या मातीतलं जगलं. पाणी मीच घातलं, सारखं.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“पाणी घालायला काय कळावं लागतं?”

मधला खुदकन हसला आणि लगेच खोकला आल्याचं दाखवू लागला.

थोरलीनं मग सगळं सांगितलं. ग्लास, पांढरी तार, सख्खी भावंडं, मका नि कांदा नि कोबी. सांगताना तिनं बाबांकडे बघायचं टाळलं, कारण बाबांचा चेहरा उतरत चालला होता आणि तो बघितला असता तर ती अर्ध्यात थांबली असती. थांबायचं नव्हतं तिला.

“म्हणजे वांगी बंद करायची?” मधल्यानं विचारलं. त्याचा विनोद पार आटला होता. “मी का करू? आधी टोमॅटोच मेले ना? टोमॅटो बंद करा.”

“आमचे आधी मेले कारण तुमची वांगी होती त्या मातीत,” थोरली म्हणाली.

“आणि त्याआधी याची मिरची होती!”

“मिरचीला सगळ्यात शेवटी लागलीय,” धाकटा खुर्चीवरून उठला. “मिरचीचं नाव काढायचं नाही!”

“मिरचीचं नाव काढलं की मिरचीला झोंबतं,” मधला म्हणाला.

“दादा, सांगून ठेवतो…”

“अहो, कुणाचं एकाचं बंद करून भागणार नाही!” थोरलीचा आवाज इतका चढला की घेवड्याची शेंग सासूच्या हातातच राहिली. “तिन्ही बंद. तिन्ही तुकड्यांत. सगळी जमीन एक धरायची. एका तुकड्यात मका, एकात कांदा, एकात कोबी नि घेवडा, आणि दर वर्षी पिकं फिरवायची, माणसं नाही. कोणतंच पीक एकाचं नाही. लावायचं मिळून, काढायचं मिळून.”

आत्तापर्यंत ज्यांच्यावर तोंड टाकता येत होतं अशा गोष्टींवर भांडण चाललं होतं. आता ती बोलली ते वेगळं होतं.

“मिळून?” धाकटा म्हणाला. त्यानं दाराकडे बघितलं नाही. “याच्याबरोबर?”

थोरल्यानं पाठ चौकटीला आणखी दाबली.

“त्यापेक्षा ज्यानं त्यानं आपापलं बघावं,” धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला. “मी कांद्याची रोपं बाहेरून आणीन. जाळीची गरजच काय मग?”

“बरोबर आहे, तसंही होईल,” मधली दोन्हीकडे बघून म्हणाली.

“रोपवाटिका राहील,” बाबा एकदम म्हणाले. काठी त्यांनी जमिनीवर आपटली. “जाळीला कुणी हात लावायचा नाही. थोरलीची रोपं चांगली आहेत, हे दिसलं सगळ्यांना. तिच्यावर उगाच आळ आला. झालं? विषय संपला. आता तुकडे. यंदा विहिरीकडचा…”

जे मागायला ती आली होती ते मिळालं होतं. नवऱ्याचे खांदे सैल पडलेले तिला दिसले. ‘जाऊ दे’ त्याच्या ओठांवर आलं होतं. मधली हसायच्या तयारीत होती. सासूनं शेंग मोडली. सगळी खोली सुटकेचा श्वास घ्यायला टपलेली होती, आणि तिला त्या श्वासाचाच राग आला. इतकी वर्षं हाच श्वास घेत आले सगळे. तुकडे फिरवायचे, श्वास सोडायचा, आणि खाली मातीत ते तसंच वाढत ठेवायचं.

“नाही संपला,” ती म्हणाली.

“अगं, जाऊ…” थोरला म्हणाला.

“तुम्ही आज ‘जाऊ दे’ म्हणालात तर ही बादली तुमच्या डोक्यावर रिकामी करीन.” ती बाबांकडे वळली. “माझी जाळी राहिली, पण विहिरीकडच्या मातीत परत वांगी, शेडकडे परत मिरची. माझ्या हातची चांगली रोपं मी मरायला पाठवायची? आता माहीत असून? मला एवढंच सांगा बाबा. ही फेरपालट तुम्ही कशासाठी लावलीत?”

“कशासाठी म्हणजे?” बाबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “मातीसाठी. मातीला बदल हवा असतो.”

“तुम्हाला माहीत नव्हतं तिन्ही एकच आहेत म्हणून?”

“मला कोण सांगणार होतं?”

“अहो,” सासू म्हणाली. ती शेंगांकडेच बघत होती. “तुमच्या वडिलांच्या वेळी टोमॅटोमागून मका लावायचे. मी स्वतः सोललाय तो मका. तुम्हाला माहीत होतं.”

बाबांनी पलंगाची कड धरली. धाकट्यानं पहिल्यांदाच मान वर करून दाराकडे, थोरल्याकडे बघितलं, आणि थोरल्यानं त्याच्याकडे. मग दोघांचीही नजर टॉवेलावर गेली आणि तिथून चटका बसल्यासारखी खाली आली.

“तू गप्प बस,” बाबा सासूला म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

“मी गप्पच आहे. कधीची.”

थोरली वाट बघत उभी राहिली. राग अजून तसाच होता, पण आता त्या रागात म्हाताऱ्याच्या मानेवरच्या शिरा दिसत होत्या, पलंगाच्या कडेला घट्ट धरलेली बोटं दिसत होती. तरी तिनं त्यांची सुटका केली नाही. या घरात कुणीतरी दुसऱ्याची सुटका करणं थांबवायला हवं होतं.

बाबा उठले. काठी पलंगावरच राहिली. भिंतीला धरत दारापर्यंत गेले, थोरल्याला हातानं बाजूला सारलं, आणि खुंटीवरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला. खाच उघडी पडली. रंगाचे थर तिच्या कडांवर जाड झाले होते. त्यांनी तिच्यात अंगठा घातला, तो अर्धा आत गेला.

“मातीसाठी नव्हती,” बाबा म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते. “फावडं बोटभर इकडे आलं असतं तर मला एक मुलगा जाळावा लागला असता आणि दुसरा तुरुंगात बघावा लागला असता. मला तुमची भीती वाटत होती. म्हणून तुम्हाला फिरवत राहिलो, आणि मातीचं नाव पुढे केलं.”